ओरखडा नसलेला चाकू

पार्सलच्या गोदामात गाठोडी बांधणाऱ्या सुतळीमामांचा घडीचा चाकू एका सोमवारी निकामी झाला. एकोणीस वर्षं झिजून झिजून पातं चंद्रकोरीएवढं उरलं होतं. त्या दिवशी खिळाच निखळला. मामांनी अर्ज केला: खिशात मावेल, रोज वापरला तरी टिकेल, असा एक चाकू मिळावा. सरकत्या पट्ट्यात दोर अडकला की दोरामागे हात जातो, तेव्हा जरा लवकर.

साहेबांनी लगोलग ‘टिकाऊ चाकू निवड समिती’ नेमली. तिच्यातल्या तिघांनी दुसऱ्यांच्या रजांना कात्री लावण्यापलीकडे आयुष्यात काही कापलं नव्हतं; त्यामुळे निवड निःपक्षपाती होणार, यात शंका नव्हती.

सात नमुने आले. सहांनी महिनाभर दोर कापले. कुणाची धार गेली, कुणाचं टोक मोडलं, एकाची मूठ कळकट झाली. सातवा मात्र आला तसाच लखलखीत.

“साहेब, तो उघडतच नाही,” मामा म्हणाले.

“म्हणून तर टिकला!”

“पण आतलं पातं कसं आहे ते तरी...”

“पात्यावर ओरखडा असल्याचा पुरावा आहे तुमच्याकडे?”

नव्हता. सातवा मंजूर झाला. प्रत्येकाने तोच खिशात बाळगावा, फाटकावर दाखवून आत यावं, दुसरा सापडला तर कायमचं घरी बसावं, असा हुकूम निघाला.

मामींनी तो चाकू हातात घेऊन बघितला आणि कपाळावर हात मारला. “अहो, सुईसुद्धा टोचते म्हणून कामाची. ह्याच्यापेक्षा दगड बरा, निदान फेकता तरी येतो!” आपली भाजीची सुरी फडक्यात गुंडाळून त्यांनी मामांच्या मोज्यात खोचली. “नोकरी दुसरी बघू. हात कुठल्या दुकानातून आणू?”

आठवडाभरात साहेब पाहणीला आले. पट्ट्यावर वाकले आणि गळ्यातल्या ओळखपत्राची फीत आत गेली. फितीमागे मान निघाली. साहेब जांभळे पडू लागले. मामांनी नियमाप्रमाणे आधी मंजूर चाकू काढला. नखाने ओढला, दातांनी ओढला. मग मोज्यातली सुरी काढली आणि एका घावात फीत तोडली.

साहेब मटकन खाली बसले, दोन घोट पाणी प्यायले. आवाज फुटला तेव्हा म्हणाले, “ही सुरी कुणाच्या परवानगीने?”

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं: फितीचे नुकसान झाले आहे. मंजूर चाकू मात्र एवढ्या बिकट प्रसंगातूनही ओरखडा न उमटता सुखरूप बाहेर आला, सबब निवड योग्य.

साक्षीला सहा सोबती उभे केले. “मामांखेरीज आणखी कुणी दुसरा चाकू बाळगतं?”

“छे छे! आम्ही तर असलं काही पाहिलंसुद्धा नाही.”

सहाही जणांचे तळवे आपापल्या खिशावर होते. आत प्रत्येकाच्या घरची सुरी होती. मामांनी एकेका तळव्याकडे पाहिलं, आणि मंजूर चाकू परत करून फाटकाबाहेर पडले.

मामींनी दारातच त्यांची बोटं मोजली. दहा भरली, तेव्हा चहा टाकला.

ते सहाजण अजून नोकरीत आहेत. चांगले टिकलेत, कुठे ओरखडा नाही. वाचकहो, हसून झालं असेल तर आपला तळवा कुठे आहे, तेवढं बघा.