नऊ चमचे साखरेची मोहीम

कपाट उभे राहिल्यापासून हटेपर्यंतची हकीकत, पदरचे तिखटमीठ न लावता, साखर मात्र होती तितकीच ठेवून लिहिली, ती ऐसीजे.

राजमान्य मुख्याध्यापकसाहेब, खडू-फळ्याचे धनी, यांनी पेयवाल्या कंपनीशी तह केला आणि कंपनीने मैदानास झगझगीत गुणफलक नजर केला आणि मोबदल्यात शाळेच्या दाराशी, सूचनाफलकाखाली, गोड बाटल्यांचे कपाट ठाणे मांडून बसले. मग मधल्या सुट्टीत मुले त्यावर तुटून पडू लागली. शाळेच्या नर्सबाई, कापूस-आयोडीनच्या कारभारीण, यांची लेक चौथीत. तिच्या दोन दाढा किडून काढाव्या लागल्या आणि तिसरी ठणकू लागली. घरी बंदी करावी, तर शाळेत मैत्रिणींच्या बाटलीतले घोट चालूच. बाईंच्या अंगाची लाही लाही जाहली. त्यांनी तीन अर्ज गुजारिले. तिन्ही दप्तरात गडप जाहले.

अखेर शालेय समितीचा दरबार भरला. समितीचा रिवाज ऐसा की, गार बाटली घशाखाली उतरल्याविना मसलत सुरू होत नसे. त्या दिवशी बाईंनी बाटल्यांऐवजी पाण्याचे पेले मांडिले आणि सरदारांच्या डोळ्यांदेखत एकेका पेल्यात नऊ नऊ चमचे साखर ढवळिली. अध्यक्षांनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"अहो बाई, हे काय? हे कोण पिणार?"

"तुमच्या बाटलीत एवढीच असते, साहेब. मुलं रोज पितात."

मग हाहाकार उडाला. एका सरदारास आपला मधुमेह आठवला, दुसऱ्यास सासऱ्याचा, आणि शौर्याची शर्थ करून ठराव जाहला की, सदर पेय प्रकृतीस अपायकारक असल्याने समितीच्या बैठकीत वर्ज्य करावे. मुलांविषयीचा विचार पुढील साली सवडीने व्हावा. धन्य ते पोरांचे पालनकर्ते!

परंतु समितीचा दुसरा रिवाज ऐसा की, प्रत्येक ठराव सही-शिक्क्यानिशी सूचनाफलकावर लागलाच पाहिजे. शिपाईमामांनी तो इमानेइतबारे लाविला, नेमका कपाटाच्या डोईवर. शाळा सुटता पोरे न्यावयास आलेल्या आयांनी वरचा कागद वाचिला आणि खालच्या बाटल्या पाहिल्या आणि मग मुख्याध्यापकसाहेबांच्या दालनास वेढा घातला. चौथ्या दिवशी कपाट टेम्पोत चढले.

श्रेय समितीने घेतले. नर्सबाईंस हुकूम जाहला की, शाळेची साखर विनापरवाना वापरल्याचा लेखी खुलासा द्यावा. बाईंनी एका ओळीत दिला, तो दप्तरी नमूद असे: 'लेकीची तिसरी दाढ वाचवायची होती.'

येणेप्रमाणे दाढ राखिली, मोहीम फत्ते जाहली, शिक्का उमटला.