अठ्ठ्याहत्तर किलोंचा कोर्बिनियान

कोर्बिनियानला स्की निवडायला पाऊण तास लागला आणि खोटं बोलायला एक क्षण.

"एकच जोडी घ्यायची," बायकोने, नॉटबुर्गाने, दुकानाच्या दारातच बजावलं. "कोठीत तुझ्या तीन जोड्या ऐसपैस उभ्या, आणि माझ्या कोबीच्या बरण्या जमिनीवर!"

दुकानातल्या वाल्बुर्गाने एक जोडी पुढे केली. "काका, ही घ्या. ना फार रुंद, ना अरुंद. सकाळचा टणक बर्फ असो की दुपारचा भुसभुशीत, सगळीकडे चालेल. मेण लावत जा, कडा गंजू देऊ नका, झालं." मग तिने वही उघडली. "वजन?"

बुटाला धरून ठेवणारा खटका माणसाच्या वजनावर बसवतात. हलक्या माणसाचा खटका चटकन सुटतो, म्हणजे पाय मोडत नाही. कोर्बिनियानने चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं. पण शेजारी नॉटबुर्गा उभी होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार महिने तिने त्याला पातळ सूपवर ठेवलं होतं, आणि चार महिने तो शेजारच्या गोठ्यामागे लपून डुकराचं खारवलेलं मांस हाणत होता.

"अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. खरा आकडा शहाण्णव होता. नॉटबुर्गाच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी गावाची स्मरणफेरी होती. चौदा वर्षांपूर्वी हिमलोटात गेलेल्या सात जणांसाठी शिखरावर प्रार्थना व्हायची आणि मग अख्खा गाव एका रांगेत स्कीवरून चर्चपर्यंत उतरायचा. सर्वांत पुढे पुष्पचक्र घेऊन कोर्बिनियान, कारण त्या सातांत त्याचा धाकटा भाऊ आल्बान होता. पुढचा करील ते मागच्यांनी करायचं आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. पुढचा पडला तर मान मागच्याचा. मागचा म्हणजे सेवेरिन. तो दरवर्षी न चुकता विचारी, "काय रे, गुडघे कसे आहेत?"

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्यावर, हिमलोट जिथून सुटला होता नेमका तिथे, खटका वाजला आणि डावी स्की निघाली. कोर्बिनियान पुष्पचक्र छातीशी धरून कसाबसा उभा राहिला. पडला नाही, एवढंच. पोटाच्या लाडापायी भावाची फेरी बुडवली, हे मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. "आल्बान, चुकलो रे," तो पुटपुटला.

मागे खटका वाजला. सेवेरिनने वाकून आपली डावी स्की काढली होती. त्याच्यामागे फादर गेबहार्डनी काढली. मग थेट वरपर्यंत खटके वाजत गेले. दीडशे माणसं एका स्कीवर, माना खाली घालून उभी राहिली. कोणी हसलं नाही. कोर्बिनियानने स्की परत चढवली, तशी सगळ्यांनी चढवली.

खाली फादरनी त्याचे दोन्ही हात धरले. "त्या जागी थांबून भावाला मान द्यायचा! तुला हे सुचलं कसं?"

"मन मोठं आहे त्याचं," सेवेरिन म्हणाला. मग खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला ओढत, "किती सांगितलंस?"

"अठ्ठ्याहत्तर."

सेवेरिनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मेल्या! तुझं नुसतं पोटच तेवढं असेल." पण त्याने खांद्यावरचा हात काढला नाही.

सोमवारी सकाळी खरं वजन सांगून टाकायचं ठरवून कोर्बिनियान दुकानात गेला. बाहेर तीसेक माणसांची रांग होती, प्रत्येकाच्या खांद्यावर स्की.

"आला, आला! त्यालाच विचारा," बेकरीवाली क्रेसेन्झ ओरडली. "आम्हाला वाकून काढावी लागते, ते काही शोभत नाही बाबा. तुझी आपोआप कशी सुटली, अगदी त्या जागेवर?"

कोर्बिनियानने टोपी काढली. चर्चमध्येही तो इतका गंभीर कधी झाला नव्हता.

"त्यासाठी," तो म्हणाला, "वजन थोडं कमी सांगावं लागतं."

"थोडं म्हणजे किती?" रांगेच्या शेवटून नॉटबुर्गाने विचारलं.