आठ नग

शनिवारी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेच्या विहिरीवरून पाण्याची मोटार चोरीला गेली. विहीर शाळेच्या मागे आहे, फाटक पुढे. फाटकावर शिपाई प्रेमानंद होते, सभागृहात पालकसभा होती आणि सर्वांवर आठ कॅमेऱ्यांची नजर होती.

माणसांवर पूर्ण विश्वास असलेल्या संस्थेत कॅमेरे विशेष काळजीने बसवले जातात. इथे जूनमध्ये जुने कॅमेरे काढून नेटवर्कवर चालणारे नवे लावले. भिंतीतली जुनी गोल केबल तशीच ठेवली (भिंतींना नुकताच रंग दिला होता, आणि रंगाचे काम सचिवांच्या साडूंनी केले होते). जुन्या केबलमधून नवे चित्र न्यायला एक डबी लागते. कॅमेरे आठ, म्हणून खरेदी समितीने डब्या ‘आठ नग’ मागवल्या. शंका यायला जागाच नव्हती.

बसवायला आलेल्या शंतनूला ती आली. “सर, हे जोडीनं लागते. एक डबी कॅमेऱ्यापाशी, एक इकडे रेकॉर्डरपाशी.”

वरिष्ठ लिपिक उद्धवरावांनी मागणीपत्र पुढे सरकवले. “याच्यात जोडी शब्द दाखव मले. शाळा हाय हे, मंगल कार्यालय नाही.”

प्रत्येक कॅमेऱ्याला एक, अशा समन्यायी वाटपाने आठही डब्या बसल्या. रेकॉर्डरच्या टोकाला एकही उरली नाही. कार्यालयातल्या पडद्यावर आठ चौकोन उमटले, आठही काळे. ही प्रणाली कोणताही भेदभाव करत नाही, असे सचिव किसनराव उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. (मुख्याध्यापकांचे दालन आणि मुतारीची वाट तिच्यात खरोखरच सारखी दिसतात.)

सोमवारी प्रेमानंद यांना नोटीस मिळाली: ‘सदर कालावधीत आपण फाटकावर हजर असल्याचे कॅमेऱ्यात दिसून आलेले नाही.’ सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास एकोणीस वर्षांची नोकरी संपेल.

प्रेमानंद चौकशी समितीसमोर उभे राहिले. “मी नाही दिसलो साहेब, खरं हाय. पण मोटार नेणारा तरी दिसला काय?”

समितीने पाऊण तास चर्चा करून हा प्रश्न तांत्रिक ठरवला. (त्या दिवशी समितीही दिसली नव्हती. पण तिच्याविरुद्ध तक्रार नव्हती.) मात्र सहानुभूती म्हणून एक सवलत दिली: प्रेमानंद यांना फाटकावर पाहिल्याचे एका पालकाने जरी लेखी दिले तरी चालेल.

सभेच्या नोंदवहीत दोनशे बारा सह्या आहेत. सगळे फाटकातूनच आत आले. केसरबाईंना तर प्रेमानंद यांनी तिथे बसायला खुर्चीही दिली होती.

“पाह्यलं ना बापा, डोयानं पाह्यलं,” केसरबाई म्हणाल्या. “पण कॅमेरा असताना मी काऊन सही करू?”

इतरांनीही थोड्याफार फरकाने हेच सांगितले.

मुदत येत्या सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत आहे. कालपर्यंत कागदावर एकही सही नव्हती. वाईट मात्र सर्वांना वाटले आहे; साधारण आत्ता तुम्हाला वाटतेय तेवढेच.