ब्राउझरचे साइड इफेक्ट्स

"हात मागे! दोन्ही हात मागे घे आणि आहेस तिथेच थांब!"

सोनकांबळे काका एवढ्या जोरात ओरडले की खिडकीबाहेरच्या झाडावर बसलेला तुई पक्षी जो उडाला, तो बहुधा थेट ऑकलंडला जाऊनच थांबला असावा. मी काही त्यांच्या तिजोरीत हात घातला नव्हता. ते स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तेवढ्यात मी त्यांच्या कंप्युटरचा माउस धरला होता आणि पडद्यावरच्या 'अपडेट' नावाच्या निळ्या बटणापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर पोचलो होतो. काका गाळणी हातात धरून दारात उभे. गाळणीतून चहा कार्पेटवर ठिबकत होता. त्यांचं लक्ष कार्पेटकडे नव्हतं, माझ्या बोटाकडे होतं.

"सेकंड चेक कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"काका, ब्राउझर अपडेट करायचाय. बायपास नाही."

"बायपासला निदान चार माणसं असतात," काका म्हणाले. "इथे तू एकटाच निघालास."

काकांचं आणि आमचं घर वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये एकमेकांना चिकटून आहे. मध्ये फक्त एक लाकडी कुंपण. काका मूळचे चेंबूरचे, पण हयात गेली ती इथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत. तिथे जहाल औषधांचा एक नियम असतो: एकाने कपाटातून काढायचं, दुसऱ्याने लेबल मोठ्याने वाचायचं, मगच ते पेशंटकडे जायचं. याला म्हणतात सेकंड चेक. काका रिटायर झाले तेव्हा हॉस्पिटलने त्यांना एक घड्याळ आणि फुलांचा गुच्छ दिला. नियम मात्र परत मागून घ्यायला विसरले. तो काका घरी घेऊन आले.

तेव्हापासून मी त्यांचा सेकंड चेक आहे. दाराला कुलूप लावलं की कुंपणापलीकडून हाक येते, "मिलिंद, चेक." मी टूथब्रश तोंडात घेऊन जायचं, कुलूप ओढायचं आणि "लागलंय" असं स्पष्ट म्हणायचं. मान हलवलेली चालत नाही. आमटीची वाटी कुंपणावरून येते, मी मीठ बघायचं. मी घरी नसलो की पलीकडच्या ग्रॅहमची पाळी. ग्रॅहम हा अस्सल किवी माणूस. काकांच्या गॅसचं बटण बघून तो आपला "स्वीट ॲज", म्हणजे सगळं झकास, म्हणून निघाला, तर काकांनी त्याला गेटवरून परत बोलावलं. "स्वीट ॲज हा चेक नव्हे. ऑन की ऑफ, ते वाचून दाखव." ग्रॅहमने वाचून दाखवलं. तो पूर्वी रग्बी खेळायचा, समोरून धावत येणाऱ्या माणसाला घाबरत नाही. काकांना घाबरतो.

काकांचा दुसरा प्रश्न म्हणजे, "साइड इफेक्ट काय?" सुपरमार्केटमध्ये नव्या जातीचं किवीफळ आलं, की साइड इफेक्ट काय? स्टेशनवर नवीन तिकिटाचं मशीन बसलं, की साइड इफेक्ट काय? आमच्या मंडळात कुणाकडे जावई आला, तरी काका हळूच हेच विचारतात, आणि त्या बाबतीत त्यांना बहुतेक वेळा सविस्तर उत्तरही मिळतं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. नवी गोळी आधी दुसऱ्याच्या पोटात जाऊ दे. तो जगला, तर मग बघू.

तर अशा माणसाच्या कंप्युटरवर जो ब्राउझर होता, त्याचं वय मी सांगणार नाही, त्याला वाईट वाटेल. एवढंच सांगतो, की तो उघडताना आतला पंखा असा गरगरायचा की ग्रॅहमला वाटायचं काकांनी लॉन कापायला घेतलं, आणि लाजेकाजेस्तव तोही आपलं मशीन बाहेर काढायचा. लायब्ररीचं पान उघडलं की अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असायची. हवामानाचं पान तर मागच्या कुठल्यातरी आठवड्यात अडकून पडलेलं. त्याच्यावर विश्वास ठेवून काका एकदा जॅंडल्स घालून, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला, वेलिंग्टनला निघाले आणि दक्षिणेकडून असा वारा सुटला की चपला वाटेतल्या पेटोनी स्टेशनला उतरल्या आणि काका पुढे गेले.

पण सगळ्यावर कडी कोबीची. काकांनी ऑनलाइन भाजी मागवली. कोबीवर क्लिक केलं, पडद्यावर काहीच हललं नाही. पुन्हा केलं. नाही. काका चिकाटीचे, करत राहिले. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीवाला दारात कोबीचा टेकडीवजा ढीग रचून "किया ओरा" असा इथला नमस्कार करून निघून गेला. पुढचे कित्येक दिवस आमच्या गल्लीत कोबीची भजी, कोबीचे पराठे, कोबीची भाजी आणि ग्रॅहमकडे कोबीचं सूप. ग्रॅहम अजून कोबी दिसला की रस्ता ओलांडतो.

हे सगळं निस्तरायला यायची प्रज्ञा. काकांची एकुलती एक मुलगी, ऑकलंडला माउंट वेलिंग्टन नावाच्या उपनगरातल्या एका ऑफिसात असते. यायची म्हणजे कंप्युटरमधून यायची. दर रविवारी अकरा वाजता, काकांची वंदना आटोपली की ती तिकडून यांच्या मशीनमध्ये शिरायची, आणि काकांच्या पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागायचा.

तो सोहळा बघण्यासारखा असे. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसत. शेजारी आणखी एक खुर्ची ओढून ठेवलेली. दोन कप चहा. मी एकदा दुसरा कप माझा समजून उचलला, तर काका म्हणाले, "तो ठेव. तुला वेगळा देतो." मग हात मांडीवर ठेवून ते बाणाकडे बघत राहत आणि मला धावतं वर्णन ऐकवत.

"बघ, थांबली. आता विचार करतेय. लहानपणापासून अशीच, आधी थांबणार आणि मग एकदम धावणार. ती बघ, धावली. आज जरा दमलेली आहे हं."

"कशावरून, काका?"

"बाण जड चालतोय."

फोनच्या स्पीकरवरून प्रज्ञा म्हणायची, "बाबा, डोन्ट टच इट." काका मराठीत बोलत, ती इंग्रजीत. "जेवलीस का?" "येस बाबा." "काय जेवलीस?" "फूड, बाबा. ओके, ऑल फिक्स्ड. बाय." बाण थांबायचा. काका आणखी थोडा वेळ तसेच बसायचे, मग दुसरा कप उचलून सिंकमध्ये ओतायचे.

मला वाटायचं, विसरभोळे आहेत. एक कप जास्त होतो.

मग एका संध्याकाळी मी ट्रेनमधून घरी येत असताना प्रज्ञाचा फोन आला. "मिलिंद अंकल, पुढच्या महिन्यापासून बाबांच्या त्या ब्राउझरमध्ये काहीच ओपन होणार नाही. बँक नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंट नाही. प्लीज त्यांना अपडेट करायला लावा. मला न्यू रोल मिळालाय, हीप्स ऑफ वर्क. दर रविवारी हे नाही जमणार."

"अगं, दर रविवारी माउस तुझ्याच हातात असतो की. तूच दाब ते बटण."

मला वाटलं ट्रेन बोगद्यात शिरून फोन कट झाला. ट्रेन बोगद्यात नव्हती.

"बाबांचा कंप्युटर आहे," ती म्हणाली. "ही शुड डिसाइड."

म्हणून मी त्या दिवशी चोरून बटण दाबायला गेलो होतो, आणि पकडला गेलो. कार्पेट पुसून झाल्यावर काकांनी निकाल दिला. आधी ट्रायल. नवं व्हर्जन पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर टाकायचं आणि पेशंटला देखरेखीखाली ठेवायचं.

माझ्या लॅपटॉपवर ते आधीपासूनच होतं, पण हे सांगायची सोय नव्हती. काकांसमोर मी बटण दाबल्याचं नाटक केलं आणि त्यानंतर रोज सकाळी कुंपणावरून राउंड सुरू झाला. "पेशंट कसा आहे?" "ठीक." "गरम लागतो का?" "नाही." "भूक?" "बॅटरी नेहमीएवढीच खातो." "स्मरणशक्ती?" "सगळे पासवर्ड आठवतात, काका. माझ्यापेक्षा बरा आहे." माझी बायको म्हणाली, "मला ताप आला होता तेव्हा कुणी एवढं विचारलं नाही." काकांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपनंतर तिचीही चौकशी होऊ लागली.

असं करत करत काकांचे प्रश्न संपले. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. टेकड्यांवर धुकं उतरत होतं, काकांच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट होतं, आणि मला वाटलं, आता शेवटचा घाव घालावा.

"काका, खरी गंमत पुढेच आहे. हे नवं व्हर्जन आपलं आपण अपडेट होतं. बिघडत नाही, आणि बिघडलंच तर स्वतःच दुरुस्त होतं. पुन्हा कधी कुणाला बोलवायला नको."

बिस्किट तुटून चहात पडलं. काकांनी ते काढलं नाही.

"कुणालाच नको?"

"कुणालाच नाही."

"मग हा मोठा साइड इफेक्ट आहे," काका म्हणाले.

मी हसलो. मला वाटलं विनोद केला. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. मी पुढे म्हणालो, "प्रज्ञाचीही सुटका होईल."

"ती म्हणाली तसं?"

आता मी असा माणूस आहे की गरज नसताना दहा थापा मारतो. हट नदीत मी पकडलेला मासा दरवर्षी वाढतो, यंदा तो पुलाखालून वळेना. पण त्या क्षणी मला एक साधी थाप सुचली नाही. माझी नजर गेली ती त्या दुसऱ्या खुर्चीवर. तिच्या पाठीला हातरुमाल टाकलेला होता, कुणी येऊन बसणार असल्यासारखा. तो कप कुणाचा असायचा, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं.

"तिला नवीन रोल मिळालाय, काका. काम खूप आहे."

"हं," काका म्हणाले. "मग दमतच असेल. मला बाणावरून कळलंच होतं." आणि ते कप विसळायला उठले.

शनिवारी दिवसभर कुंपणापलीकडून एकही हाक आली नाही. कुलूप नाही, आमटी नाही. संध्याकाळी मीच गेलो. काका कंप्युटरसमोर बसले होते. पंखा गरगरत नव्हता. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पडद्यावर लायब्ररीचं पान होतं आणि सगळी अक्षरं शहाण्यासारखी आपापल्या जागी उभी होती.

"टाकलं?" मी विचारलं.

"टाकलं."

"सेकंड चेक कुणी केला?"

"कुणी नाही."

हे ऐकून मी खाली बसलो. ज्या माणसाने मिठाची चिमूट एकट्याच्या जबाबदारीवर टाकली नाही, त्याने हे बटण एकट्याने दाबलं होतं.

"मला हाक मारायची होती, काका."

"तू आला असतास तर दाबलं नसतं," ते म्हणाले. "तिला मेसेज केलाय. आता तुला रविवारी यायला नको, असं. उद्या तू ये चहाला."

रविवारी मी अकराच्या आधीच गेलो. इस्त्रीचा शर्ट होता. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर या वेळी मला बसवलं. दोन कप चहा होता आणि दुसरा कप माझा होता. एवढा बेचव चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, साखर बरोबर असूनसुद्धा. काकांनी मला हवामानाचं पान उघडून दाखवलं. आजचंच हवामान होतं. त्यांनी भाजीचं दुकान उघडून कोबीवर एकदाच क्लिक केलं आणि यादीत एकच कोबी आला.

"उत्तम चालतं," काका म्हणाले.

"उत्तम," मी म्हणालो.

मग आम्ही दोघं ते उत्तम चालणारं यंत्र बघत बसलो. काकांनी हात माउसवरून काढून मांडीवर ठेवले. सवयीने असेल.

आणि बाण हलला.

आधी थोडासा. मग थांबला. मग एकदम धावत पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझे दोन्ही हात वर करून दाखवले. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"अगं प्रज्ञा, तूच आहेस ना? सगळं चालतंय. मेसेज नाही मिळाला का तुला?"

"मिळाला."

"काही बिघडलेलं नाही गं. आता बिघडतही नाही ते."

"आय नो, बाबा."

बाण हवामानाच्या पानावर गेला, तिथे ऑकलंडचं नाव आलं, मग अप्पर हटचं. दोन्हीकडे पाऊस होता. मी खुर्चीवरून उठलो, माझा कप बाजूला नेला आणि नव्या कपात चहा भरून तो कीबोर्डच्या पलीकडे ठेवला. काकांनी तो बाणाच्या बाजूला जरासा सरकवला.

"तुझं काम असतं," काका म्हणाले. "सगळं नीट असताना कशाला आलीस मग?"

"सेकंड चेक," प्रज्ञा म्हणाली.