मधल्या पायरीचा दगड

आमच्या नेत्ररुग्णालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. पैकी मधली दिनांक तीन रोजी तुटली आणि काढून टाकण्यात आली. उरलेल्या दोन सुस्थितीत असल्याचा दाखला माझ्याच सहीने गेला. मी भांडार विभागात कारकून आहे.

पाथरवट चौथ्या दिवशी नवा दगड घेऊन आला. तो बसवणार, एवढ्यात आमचे भांडारप्रमुख बाहेर आले. मागणीपत्रात ‘ग्रॅनाइट’ असं स्वच्छ लिहिलेलं, आणि हा दगड त्यांना जरा काळपट वाटला. भूशास्त्रज्ञांना पाचारण झालं. त्यांनी दगडाला भिंग लावलं.

“ग्रॅनोडायोराइटही असू शकतो.”

“फरक काय?” प्रमुखांनी विचारलं.

“तसे सख्खे भाऊ. दोघंही जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेले. दोघांतही फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, दोन जातींचं. त्यातली प्लॅजिओक्लेज ही जात शंभरात पासष्टच्या आत असली तर ग्रॅनाइट, वर गेली तर ग्रॅनोडायोराइट.”

“साहेब, माणसाचं वजन दोन्ही घेतात की,” पाथरवट म्हणाला. हे मत तांत्रिक नसल्यामुळे इतिवृत्तात घेतलं नाही.

एक कोपरा फोडून प्रयोगशाळेत पाठवला. त्रेसष्ट आले. खात्रीसाठी दुसरा कोपरा फोडला. सदुसष्ट आले. सरासरी काढली, तर बरोब्बर पासष्ट! साहजिकच समिती नेमावी लागली. तोवर दाराशी पाटी लागली : ‘येथे पायरी नाही. नीट पाहून चढावे.’ मोतीबिंदूचे रुग्ण पाटीजवळ थांबून कुणीतरी वाचून दाखवायची वाट बघू लागले.

त्यांत माझी आईही होती. तिचा मोतीबिंदू पिकला होता, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, पण गुडघे धरलेले. दोन पायऱ्यांची उंची एका दमात चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मागच्या दाराने फक्त सामान जातं. तिला तिथून न्यायचं तर आवक नोंदवहीत चढवावी लागली असती. पाथरवट म्हणाला, “आजींपुरता दगड टेकवून देतो, मग उचलतो.” मी नकार दिला. वापरलेला नमुना तपासणीस अपात्र ठरतो. तारीख टळली. मग दुसरीही टळली.

घरी मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“दोन दगडांतला फरक शोधताय, शोधा बाबा,” ती म्हणाली. “मला आता तुझ्या नि धाकट्याच्या तोंडातला फरक कळेना झालाय. बोललास म्हणून ओळखलं.”

मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मी समितीला तातडीचं स्मरणपत्र पाठवलं.

समितीने तातडीने तिसरा कोपरा फोडला. त्या निकालाचं पाकीट काल आलं. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. पैजा लागल्या होत्या, प्रमुख चहा विसरले होते. भूशास्त्रज्ञांनी डोळे मिटून घेतले. मी पाकीट फोडलं आणि आकडा मोठ्याने वाचला.

तो सांगायला माझी काहीच हरकत नाही. कार्यालयात, रस्त्यात, जिन्यात, जो भेटतो तो मला “काय निघाला हो दगड?” एवढंच विचारतो, आणि मीही कंटाळा न करता सांगतो. आईच्या डोळ्यांचं पुढे काय झालं, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा आकड्यासाठीच थांबला होतात.