कौसामावशींना घाई नसते

हट्टा गावात कौसामावशी माणसाला नावानं नाही, बाळंतपणावरून ओळखतात. झेंडावंदनाला हेडमास्तर भाषण करत होते, तेव्हा मावशी शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "हे पायाळू. आधी पाय आले, डोकं लई उशिरा. आजून बी तसंच हाय." भाषण तिथंच संपलं.

मावशी निवृत्त नर्स. उपकेंद्रात त्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. त्यात मीही आलो. कुणाचं सिझर झालं की त्यांचा पहिला प्रश्न, "काहून?" बाळ आडवं होतं, बीपी वाढलं होतं, असं उत्तर आलं तर "बराबर केलं" म्हणून डॉक्टरची तारीफ करतात. "मुहूर्त चांगला होता" असं आलं, तर चहा न घेता उठतात.

माझ्या बायकोला, शारदाला, नववा लागला. शहरातल्या खासगी दवाखान्यात तपासणीला निघालो, तर मावशी न बोलावता रिक्षात येऊन बसल्या. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि लगेच सिझरला कोणती तारीख हवी ते विचारलं. नॉर्मलचे वीस हजार, सिझरचं पॅकेज साठ हजारांचं, एसी खोलीसकट.

"तकलीफ काय हाय हिला?" मावशींनी विचारलं.

"तकलीफ काही नाही. पण कळा कशाला सोसायच्या?"

"कळा हिच्या हायेत. हिलाच इचारा."

शारदा मावशींकडं वळली. मग म्हणाली, "भ्या वाटून राहिलं. पण मावशी, तुमी संगं असाल तर थांबते."

आम्ही सरकारी दवाखान्यात नाव घातलं. ज्या सकाळी कळा सुरू झाल्या, त्या सकाळी मावशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून दारात हजर. तिथल्या सिस्टर त्यांच्या ओळखीच्या निघाल्या, त्यांनी मावशींना आत घेतलं. दिवसभर मावशींनी शारदाची पाठ चोळली, तिला हाताला धरून व्हरांड्यात फिरवलं. मी दर अर्ध्या तासानं विचारायचो, "मावशी, अजून किती?"

"तू तर पुरा एक दिवस घेतलास, बापू. तवा म्या तुला घड्याळ दाखवलं व्हतं का?"

संध्याकाळी पाचला मुलगी झाली. खर्च म्हणाल तर रिक्षाचं भाडं आणि पेढे.

पेढा द्यायला गेलो, तर मावशी बाहेर बाकड्यावर एकट्याच फोन बघत बसल्या होत्या. मला बघून फोन पुढं केला. दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ.

"माझा नातू. पुण्यात झाला. मंगळवारची तारीख ठरवून सिझर केलं. मला बुधवारी फोटो आला."

"आधी काहून नाही कळवलं?"

"म्हातारी यीन, 'काहून' इचारीन, म्हणून पोरगा-सून भ्याले असतील."

"विचारलं असतं का तुम्ही?"

मावशींनी फोन पदरानं पुसला.

"न्हाई रे. भाईर नुसती बसले असते."