काळी बाजू वर

रावसाहेबांना पोळ्या लाटताना घेरी आली. ती आली तशी गेलीही. चूक एवढीच झाली, की त्यांनी ते फोनवर लेकीला सांगितलं.

"एप्रिल महिना, वर तापलेला स्लॅब, आणि घरात तुम्ही एकटे," हेमा म्हणाली. "रविवारी येते मी. आता खराडीलाच राहायचं, बाबा."

खराडीला जावई होता, नात होती, लिफ्ट होती. पण शनिवार पेठेतल्या या चौथ्या मजल्यावर त्यांच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी, एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता आणि त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. रावसाहेबांना इथून हलायचं नव्हतं. हेमाचा आक्षेप उकाड्यावर होता, म्हणून त्यांनी उकाडाच घालवायचं ठरवलं.

स्वयंपाकघराच्या छतात स्टोव्हच्या काळातलं एक धुराडं होतं. ते थेट गच्चीवर निघायचं. त्यात पंखा बसवून गरम हवा वर फेकायची, की झालं. गच्चीवर विजेची वायर न्यायला सोसायटीची परवानगी लागे, आणि ती मिळेपर्यंत पुढचे चार उन्हाळे गेले असते. उन्हाला परवानगी लागत नव्हती. कारखान्यात तीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केलेले रावसाहेब जुन्या बाजारात गेले आणि गाडीच्या रेडिएटरचा एक पंखा घेऊन आले. दोन सोलर पॅनेल आणली. गच्चीत पंखा नुसता पॅनेलला जोडून वर कागदाचा कपटा धरला. कपटा उडून शेजारच्या इमारतीत गेला. मग पंखा घासूनपुसून धुराड्यात बसवला.

"काय चाललंय, भाऊ?" तिसऱ्या मजल्यावरच्या जिनतभाभींनी विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरातली गरम हवा आता इथून बाहेर पडणार."

"किती गरम?"

"अहो, भट्टीच समजा."

जिनतभाभी विचारात पडल्या. भट्टीची हवा फुकट जाऊ देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. रविवारी सकाळी त्यांनी वर्षाच्या मसाल्याच्या पाच किलो मिरच्या बरोबर धुराड्याच्या तोंडाभोवती वाळत घातल्या.

हेमा बाराला आली. गरम हवा आता बाहेर जाणार, असं सांगत रावसाहेबांनी तिला आधी स्वयंपाकघरात नेलं आणि धुराड्याचं खालचं तोंड झाकणारा पत्रा ओढून काढला.

"अगंबाई, काय छान वारं येतंय!" हेमा म्हणाली.

रावसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. वारं येणं अपेक्षित नव्हतं, जाणं अपेक्षित होतं. ते तोंड उघडणार तोच शिंक आली. मग हेमाला आली. मग कोणाला किती आल्या ते मोजण्यात अर्थ राहिला नाही. पत्रा परत बसवायला रावसाहेब स्टुलावर चढले, पण डोळे उघडेनात. ते चाचपडत खिडकीशी गेले.

"जिनतभाभी! गच्चीवर जा आणि पंखा बंद करा!"

"बटण कुठंय?"

"बटण नाही! उन्हावर चालतो!"

"मग ऊन कसं बंद करू, भाऊ?"

"पॅनेलवर काहीतरी टाका हो!"

जिने चढणाऱ्या चपलांचा आवाज आला. बापलेक ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले.

"तुम्ही तर बाहेर जाणार म्हणाला होतात ना हवा?" हेमा नाक पुसत म्हणाली.

"पंखा पालथा बसवला मी. त्यामुळे उलटा वाहतोय."

"तीस वर्षं मोटारी हाताळल्यात तुम्ही, बाबा. पालथा कसा बसला?"

रावसाहेबांनी बाहीने नाक पुसलं.

"एक बाजू घासून स्वच्छ झाली. दुसरीचं काळं तेल काही केल्या निघेना. सरळ बसवला असता तर ती काळी बाजू खाली आली असती." ते ओट्याकडे बघत होते. "तुझ्या आईला स्वयंपाकघरात काळं चालायचं नाही. म्हणून काळी बाजू वर केली. हवेचं लक्षातच आलं नाही."

हेमाने वडिलांकडे बघितलं. दवाखान्यात, वैकुंठ स्मशानात, दहाव्याला, कुठेच त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भेटायला आलेला प्रत्येक जण त्यांना खंबीर म्हणून गेला होता. आता त्यांचा सदरा गळ्यापाशी भिजला होता.

"फार तिखट आहेत मिरच्या," रावसाहेब म्हणाले.

"हो ना," हेमा म्हणाली आणि तिने पदराने त्यांचे डोळे पुसले. मग स्वतःचे पुसले. ते पुन्हा भरले.

दार उघडंच होतं. जिनतभाभी आत आल्या तेव्हा दोघं तशीच बसलेली होती.

"अजून बसलाय? अहो, चटई टाकून पंखा बंद केला त्याला अर्धा तास झाला. मिरच्याही उचलल्या. मला इथे एकही शिंक येत नाही."

हेमाने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. जिनतभाभींनी दोघांकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"राहते पण हवेत. बराच वेळ राहते," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला ओट्याकडे वळल्या.

चहा पिऊन झाल्यावर हेमा स्टुलावर चढली आणि मान वर करून धुराड्यात बघत राहिली.

"भाभी, जुनं काळं तेल कशाने निघतं?"

"सोडा आणि काथ्या. पण दोन दिवस घासावं लागेल."

"चालेल," हेमा म्हणाली. बाबांचं सामान बांधायला तिने ऑफिसातून दोनच दिवसांची रजा काढली होती.